तिसरी टिक लाल झाली तर?

“मॅडम, सरकार आमचे मेसेज वाचतं का हो?” माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या, साठी ओलांडलेल्या कितीतरी जणांनी मला हा प्रश्न विचारला आहे. कुणी जाता जाता विचारतं, कुणी दार नीट लागलंय ना हे बघून. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: “मी काहीबाही पुढे पाठवलं असेल तर मला धरतील?” घरची मंडळी हसण्यावारी नेतात आणि विचारणारा गप्प बसतो. भीती मात्र तिथेच राहते. म्हणून आज आप्पांविषयी लिहिते आहे. लिहायला त्यांनी होकार दिला आहे, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

आप्पा एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले, वय 68. त्यांना सून घेऊन आली. “मामा रात्रभर झोपत नाहीत,” ती म्हणाली. “फोन बंद करून, टॉवेलात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवतात. पहाटे उठून काढतात, काहीतरी बघतात, परत ठेवतात. दिवसातून दहा वेळा मला विचारतात, काही होणार नाही ना गं?” आप्पा शेजारीच बसले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला पेन. मान खाली.

फोन काढून दाखवा म्हटलं तर आधी त्यांनी तो बंदच ठेवला. मग म्हणाले, “मॅडम, तीन टिक झाल्या आणि त्यातली एक लाल झाली की सरकार कारवाई करतं. तिन्ही लाल झाल्या की कोर्टाचं समन्स येतं. लेखी आलंय.”

ते ‘लेखी’ तुमच्यापैकी अनेकांच्या फोनवर येऊन गेलं असेल. उद्यापासून संवादाचे नवे नियम लागू, सगळे कॉल रेकॉर्ड होणार, सगळे मेसेज तपासले जाणार, आणि खाली टिकांचा हिशेब: एक टिक म्हणजे गेला, दोन म्हणजे पोचला, दोन निळ्या म्हणजे वाचला, तीन निळ्या म्हणजे सरकारने दखल घेतली. तीन टिक असा प्रकार व्हॉट्सॲपमध्ये नाहीच, ना निळ्या, ना लाल. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने हा मेसेज खोटा असल्याचं एकदा नव्हे, अनेकदा जाहीर केलं आहे. तरी तो दर वर्ष-दोन वर्षांनी नव्याने फिरतो. त्यात तारीख नसते, नुसतं ‘उद्यापासून’ असतं.

हे मी आप्पांना लगेच सांगितलं नाही. सुनेने, मुलाने, नातवानेही सांगून झालं होतं. “काही होत नाही मामा” ऐकलं की त्यांना अर्धा तास बरं वाटायचं, मग पुन्हा विचारावंसं वाटायचं. पुढे अर्ध्या तासाची दहा मिनिटं झाली. चिंतेने पछाडलेला माणूस दिलासा मागतो, घरचे प्रेमाने देतात आणि मागण्याची सवय आणखी पक्की होते. यात कुणाची चूक नसते. मी सुनेला एवढंच सांगितलं की दिवसभरात उत्तर द्यायचं नाही. आप्पांनी प्रश्न वहीत लिहायचा आणि संध्याकाळी सहाला दोघांनी मिळून वही उघडायची. वही म्हटल्यावर आप्पांचा चेहरा जरा खुलला. आयुष्यभर रजिस्टर लिहिलेला माणूस.

एकदा मनोविकारतज्ज्ञांनाही दाखवून घेतलं. कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय असं सतत वाटणं हे वेगळ्या आजाराचंही लक्षण असू शकतं, विशेषतः या वयात पहिल्यांदाच दिसलं तर. आप्पांचं तसं नव्हतं. पुरावा दाखवला की त्यांना तो पटायचा, फक्त टिकायचा नाही. निदान चिंतेचं निघालं. रक्तदाब वाढला होता, त्याची गोळी त्यांच्या डॉक्टरांनी बदलली.

तिसऱ्या भेटीत आप्पांनीच मला कोंडीत पकडलं. “तुम्ही म्हणता काही होत नाही. मग पालघरच्या त्या पोरींना का धरलं?”

बरोबर होतं त्यांचं. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. आप्पांची भीती हवेतून आलेली नव्हती. ज्या राज्यात हे घडलं तिथल्या माणसाला “उगाच घाबरता” म्हणणं मला अप्रामाणिक वाटतं. मी तसं त्यांना सांगितलं आणि पुढचंही सांगितलं. त्या अटकांनंतर एका कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 24 मार्च 2015 ला न्यायालयाने ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुरासाठी शिक्षा सांगणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. तरीही त्या कलमाखाली गुन्हे नोंदले जात राहिले आणि 2022 मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. आप्पांनी तारीख वहीत लिहून घेतली, खाली रेघ मारली.

मग मेसेज वाचण्याचं. एन्क्रिप्शन हा शब्द मी दोनदा समजावून पाहिला, जमलं नाही. तिसऱ्यांदा आप्पांनाच विचारलं, “तुम्ही स्टँडवर बसायचात तेव्हा गाडीबद्दल तुम्हाला काय काय माहीत असायचं?”

“सगळं. कुठली गाडी, कुठं चालली, किती वाजता सुटली, चालक कोण, वाहक कोण.”

“आणि प्रवाशाच्या पिशवीत काय आहे?”

“ते कसं कळणार? पिशवी त्याची.”

थोडा वेळ ते थांबले. मग स्वतःच म्हणाले, “म्हणजे कंपनीला गाडी सुटल्याची नोंद दिसते. पिशवी नाही दिसत.”

इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं. 2016 पासून व्हॉट्सॲपवरचे संदेश पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उलगडतात, मधे नाही. कोण कुणाशी केव्हा बोललं ही नोंद मात्र कंपनीकडे असू शकते आणि तपास यंत्रणा ती कायदेशीर मार्गाने मागू शकतात. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत संदेश पहिल्यांदा कुणी पाठवला ते शोधून देण्याची तरतूद आली, तेव्हा पिशवी उघडल्याशिवाय ते जमणार नाही म्हणत व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. हा वाद खरा आहे आणि त्यावर प्रत्येकाचं मत असायला हवं. पण लाल टिकशी त्याचा संबंध नाही. आप्पांना मी आणखी एक गोष्ट सांगितली, जी घरच्यांनी सांगितली नव्हती: ग्रुपमधल्या एका माणसाने जरी स्वतःची पिशवी पोलिसांसमोर उघडली तरी सगळं दिसतं. पंधरा वर्षं एकत्र नोकरी केलेल्यांचा ग्रुप असला तरी तो घराची ओसरी नव्हे.

ग्रुपचा विषय निघाला तसा त्यांचा आवाज बदलला. डेपोतल्या निवृत्तांच्या ग्रुपचे ते ॲडमिन होते. ईपीएस-95 पेन्शनचं काय झालं, हयातीचा दाखला कुठे द्यायचा, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या नातीचं लग्न, असं सगळं तिथे यायचं. लाल टिकचा मेसेज आल्यावर त्यांनी दुसऱ्याला ॲडमिन केलं आणि स्वतः बाहेर पडले. का? तर कुणीही काहीही टाकलं की ॲडमिनला उचलतात असं ऐकलेलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2021 मध्ये नेमकं यावरच सांगितलं आहे. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत नसेल तर, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलं होतं. आप्पांनी हेही लिहून घेतलं. पण विचारलं, “हे आम्हाला आधी कुणी सांगितलं का नाही?”

हा प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. सण किंवा निवडणूक आली, मोठा निकाल असला, की ॲडमिनना सूचना जातात, नोटिसा जातात. ‘कारवाई करण्यात येईल’ हे वाक्य मराठीत असतं, ठळक असतं. ॲडमिनचं संरक्षण करणारा निकाल इंग्रजीत असतो आणि वकिलांपर्यंतच पोचतो. नियम करणाऱ्यांनी तो साध्या मराठीत, चावडीवर लावता येईल असा एका पानात सांगितला नाही, तर ते पान दुसरं कुणीतरी लिहितं. लाल टिकवाल्याने तेच केलं. आणि तशीच घाबरलेली माणसं, पोलीस असल्याचं भासवून पैसे उकळणाऱ्यांच्या ‘डिजिटल अरेस्ट’च्या व्हिडिओ कॉलला बळी पडतात. कायद्यात असली अटक अस्तित्वातच नाही. असा फोन आला तर कापा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

पाच-सहा आठवड्यांत आप्पांची झोप सुधारली. वहीतले प्रश्न रोजचे नऊवरून दोनवर आले. मला वाटलं, झालं. पण सून पुन्हा घेऊन आली. ग्रुपमधला एक जुना वाहक वारला होता आणि आप्पांना ते तिसऱ्या दिवशी कळलं. मातीला जाता आलं नाही. त्या रात्रीपासून फोन परत तांदळाच्या डब्यात.

तेव्हा मी विचारलं, “आप्पा, तुम्हाला नेमक्या कुठल्या मेसेजसाठी धरतील असं वाटतं?” इतके दिवस मी कायदा समजावत होते. हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता.

बराच वेळ ते पेनचं टोपण काढत-लावत राहिले. मग म्हणाले, “मुलं पळवणाऱ्या टोळीचा.”

निवृत्तीनंतर मुलाने घेऊन दिलेला पहिला स्मार्टफोन. 2018 चा उन्हाळा. ‘मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे, सावध राहा, जास्तीत जास्त लोकांना पाठवा.’ आप्पांनी तो सगळ्या ग्रुपवर टाकला. नातू तेव्हा तीन वर्षांचा होता. 1 जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या पाच नाथपंथी डवरी गोसाव्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. ती माणसं मंगळवेढा भागातली होती. “आमच्या स्टँडवरून जायचे ते लोक,” आप्पा म्हणाले. “बोचकी घेऊन. तिकिटाचे पैसे मोजून द्यायचे. मी त्यांना गाडी दाखवलेली आहे मॅडम. कितीदा.”

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

राईनपाडा आमच्याकडून शेकडो किलोमीटर लांब. आप्पांचा मेसेज तिथवर गेला असेल असं मानायला काहीच आधार नाही. “मग तुमचा काय संबंध?” हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, मी ते गिळलं. ते म्हटलं असतं तर तोही अर्ध्या तासाचा दिलासा झाला असता. मी म्हटलं, “तुमच्या हातून ती माणसं मेली नाहीत. पण जी भीती गावोगाव पसरली होती, तिच्यात तुमचाही एक हात होता. ओझं वाटतंय ते त्याचं.” ते रडले. सून बाहेर बसली होती, तिला आत बोलवू का विचारलं. मान हलवून नाही म्हणाले.

त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. 2020 पासून वारंवार फिरलेला, दुहेरी बाण असलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला. आप्पा या बदलावर चिडायचे, “नातवाचे फोटोही सगळ्यांना धड पाठवू देत नाहीत.” मर्यादा का आली ते मी सांगितलं, तेव्हा त्यांनी फोन डब्यातून मागवून घेतला आणि तो दुहेरी बाण मला शोधायला लावला. आम्ही दोघांनी तो बराच वेळ पाहिला.

इथे कायद्याचंही खरं सांगणं भाग होतं. पुढे पाठवणं निष्पाप असतंच असं नाही. “मी लिहिलं नव्हतं, नुसतं पाठवलं” हा बचाव मद्रास उच्च न्यायालयाने 2018 मध्ये एका प्रकरणात मानला नव्हता. समाजासमाजांत तेढ वाढवणारा मजकूर पसरवणं आजच्या भारतीय न्याय संहितेतही गुन्हा आहे. हे ऐकून आप्पा घाबरतील असं मला वाटलं होतं. उलट ते सैल झाले. म्हणाले, “म्हणजे भ्यायला पाहिजे ती गोष्ट वेगळीच होती.”

पुढच्या भेटीत ते वहीचं पान घेऊन आले. स्वच्छ, सुटं अक्षर. ‘2018 साली मी या ग्रुपवर मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज टाकला होता. तो खोटा होता. मी खात्री केली नाही. माझी चूक झाली.’ खाली नाव आणि जुना बॅज नंबर. पाठवायचं की नाही हा निर्णय त्यांचा, असं मी म्हटलं. नव्या ॲडमिनला फोन करून ते ग्रुपमध्ये परत आले आणि पानाचा फोटो टाकला. दीड दिवस कुणीच काही बोललं नाही. सुप्रभातचे मेसेजही थांबले. मग एका जुन्या चालकाने लिहिलं, ‘मी पण टाकला होता.’ त्याच्याखाली आणखी चौघांनी.

फोन आता रात्री टीव्हीशेजारी असतो. वहीत आठवड्याला एखादा प्रश्न येतो, क्वचित लाल टिकचाही. मंगळवेढ्याकडे जाऊन त्या कुटुंबांना भेटावं असं आप्पांच्या मनात आहे. त्यांना पाहून त्या घरांत काय होईल, याचा विचार आम्ही करतो आहोत. दोन भेटी झाल्या, अजून ठरलेलं नाही.