दाणा साठवताना, चोथा टाकताना

या वेळी आलेली बरीच पत्रं मोड आणून वाळवलेल्या जवाबद्दल, म्हणजे माल्टबद्दल आहेत. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर गाळणं 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. त्यामुळे उत्तरं न आंबवता ताज्या पिण्याच्या माल्टच्या अर्कापुरती आहेत.

प्रश्न : दर वेळी 5 किलो अख्खा माल्ट आणते. डबा घट्ट लावूनही जुलैत त्यात बारीक तपकिरी किडे दिसतात. आत शिरतात कुठून? (भांडुप)

उत्तर : बहुतेक वेळा ते शिरत नाहीत, दाण्याबरोबरच घरी येतात. हे किडे म्हणजे बहुधा धान्यातले सोंडे. सोंड्याची मादी दाणा पोखरून आत एकच अंडं घालते आणि भोक चिकट स्रावाने बुजवते. अळी दाण्याच्या आतच वाढते आणि मुंबईच्या उबदार, दमट हवेत महिना-सव्वा महिन्यात किडा होऊन बाहेर पडते. तोवर कितीही चाळा, निवडा, काही दिसत नाही.

खरा दोष मात्र ओलीचा. ताज्या माल्टमध्ये ओल जेमतेम 4-5 टक्के असते, आणि 9-10 टक्क्यांच्या खाली सोंड्यांची वीण जवळजवळ होत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे हवेची आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते. पिशवी नुसती चिमटा लावून ठेवली तर माल्ट थोड्याच दिवसांत सादळतो. दाणा चावून पाहा. कुरकुरीत तुटला तर ठीक, चिवट लागला तर किड्यांची सोय झाली असं समजा.

म्हणून माल्ट घरी आला त्याच दिवशी एकेक किलोच्या जाड पिशव्या भरा, हवा दाबून काढा आणि उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये 7 दिवस ठेवा. अंडी, अळ्या, कोष, किडे सगळे मरतात. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त मंदावते. बाहेर काढल्यावर पिशवी 24 तास उघडू नका. गार दाण्यावर बाहेरच्या हवेतलं पाणी लगेच जमतं, आणि इथेच बहुतेकांची सगळी मेहनत वाया जाते.

मग माल्ट फिरकीच्या झाकणाच्या, आत रबरी रिंग असलेल्या बरणीत भरा. स्टीलचा दाबून बसवायचा डबा आपल्याला घट्ट वाटतो, पण हवा आत-बाहेर करतोच. 5 लिटरच्या बरणीत सुमारे 3 किलो माल्ट मावतो. तिच्यात दाण्यांच्या फटींमधली हवा अडीच लिटरच्या आसपास, म्हणजे ऑक्सिजन अर्धा लिटरभर. किडे जगू नयेत म्हणून तो शोषून घ्यायचा, तर ऑक्सिजन शोषणाऱ्या 300 सीसीच्या (म्हणजे प्रत्येकी 300 मिलीलिटर शोषणाऱ्या) दोन पुड्या लागतात. पण बरणी उघडली की त्या पुड्या संपल्या. रोजच्या वापराची बरणी छोटी ठेवा आणि पुड्या फक्त न उघडायच्या साठ्यात घाला.

माल्ट भरडून ठेवू नका. तुटलेला दाणा आणि पीठ म्हणजे तांबड्या भुंगेऱ्यांचं आवडतं खाणं, शिवाय भरड फार लवकर सादळते. गिरणीतही भरडू नका, तिथे जात्यात आधीच्या पिठाबरोबर किडे असू शकतात. करायच्या दिवशी मिक्सरमध्ये थांबून थांबून चार-पाच झटके दिले की पुरे. टरफल अख्खं राहायला हवं, नाहीतर गाळताना पंचा चोंदतो.

बोरिक पावडर, एरंडेल, कडुनिंबाचा पाला यातलं काहीही माल्टला लावू नका. तांदूळ आपण धुऊन घेतो, माल्ट धूत नाही, त्यामुळे लावलेलं सगळं थेट अर्कात उतरतं. आणि अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या कुणी कितीही आग्रहाने दिल्या तरी घरात आणू नका. ओल लागली की त्यातून निघणारा फॉस्फिन वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. घरगुती वापराला त्यांची परवानगीच नाही.

प्रश्न : अर्क गाळून उरलेला चोथा रात्री कचऱ्याच्या डब्यात टाकतो. सकाळी आंबूस वास आणि चिलटं. काय करावं? (गिरगाव)

उत्तर : 1 किलो कोरड्या माल्टचा दीड ते दोन किलो ओला चोथा होतो. त्यात तीन चतुर्थांश पाणी, उरलेली थोडी साखर आणि भरपूर प्रथिनं. मुंबईच्या उकाड्यात हे मिश्रण एका रात्रीत आंबतं. चिलटांची एक पिढी 8-10 दिवसांत तयार होते, म्हणून एकदा घातलेली अंडी पुढच्या आठवड्यात त्रास देतात. तेव्हा चोथ्याचं काय करायचं ते माल्ट भिजवण्याआधीच ठरवून ठेवा.

चोथा पंचात घालून घट्ट पिळा. पाणी जितकं कमी, तितका पुढचा त्रास कमी. मग परातीत बोटाच्या पेराएवढा पातळ पसरा आणि ओव्हनमध्ये 100 ते 110 अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून 2-3 तास वाळवा. दर अर्ध्या तासाने हलवा, नाहीतर वरून कोरडा दिसतो आणि तळाशी ओला राहून बुरसतो. मुठीत दाबल्यावर खळखळला की झालं. दळून थालीपिठाच्या भाजणीत चार वाट्यांना एक वाटी मिसळता येतो. त्याहून जास्त घातला तर टरफलं घशाला टोचतात.

वाळवायला वेळ नसेल तर पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी कचरागाडी यायच्या वेळी ओल्या कचऱ्यात द्या. मोरीत मात्र मूठभरही सोडू नका, टरफलं पाइपच्या वळणात बसतात आणि मग तिथे झुरळं वस्ती करतात.

प्रश्न : सोसायटीच्या खताच्या पिंपात हा चोथा चालेल का? एकदा टाकला तर अमोनियाचा वास सुटला. (मुलुंड)

उत्तर : चालेल, पण एकटा नको. त्यात नत्र फार असतं. खताला एका भाग नत्रामागे 25-30 भाग कार्बन लागतो, चोथ्यात तो निम्माच भरतो. म्हणून एक घमेलं चोथ्याला दोन घमेली सुका पाला किंवा कोकोपीट घाला, थर मधोमध पुरा आणि वर चार बोटं सुकं पांघरूण द्या. तुमचा वास हे पांघरूण आणि कार्बन दोन्ही कमी पडल्याचं लक्षण आहे. आता सुका पाला मिसळून पिंप ढवळलंत तरी दोन-तीन दिवसांत उतरेल.

प्रश्न : किडलेले दाणे कबुतरांना घातले तर? (दादर)

उत्तर : नको. दादरचा कबुतरखाना 2025 मध्ये ताडपत्रीने झाकावा लागला तो श्वसनाच्या आजारांच्या काळजीपोटीच. शिवाय गच्चीवर उरलेले दाणे रात्री उंदीर खातात. 1896 ची प्लेगची साथ मुंबईत पहिल्यांदा दिसली ती मांडवीत, धान्याच्या वखारींच्या वस्तीत, हे विसरू नये. किडलेला माल जिवंत किड्यांसकट डब्यातही टाकू नका, ते भिंतीवरून परत येतात. त्यावर उकळतं पाणी ओता, गार होऊ द्या, निथळा आणि ओल्या कचऱ्यात द्या. रिकामी बरणी गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, रिंग काढून तिची खाच जुन्या टूथब्रशने घासा. जाळ्या आणि कोष तिथेच अडकून बसतात.