चामखीळ, टॉवेल आणि पोहण्याचा तलाव

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या बोटांवर गेल्या दोन महिन्यांत चार खरखरीत चामखिळी उठल्या आहेत. सासूबाईंच्या मानेवर फार पूर्वीपासून लोंबत्या चामखिळी असल्यामुळे त्याला त्या त्यांच्याकडूनच लागल्या, असे घरात बोलले जाते. धाकट्या मुलीला लागण होऊ नये म्हणून काय करावे? त्याचे पोहणे बंद करावे का? शेजारी घोड्याच्या केसाने बांधायला सांगतात.
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : सर्वप्रथम सासूबाईंना दोषमुक्त करू या. मराठीत आपण दोन निरनिराळ्या गोष्टींना चामखीळ हे एकच नाव देतो. मानेवर किंवा काखेत लोंबणारी मऊ चामखीळ ही त्वचेची निरुपद्रवी वाढ असते आणि ती कोणालाही लागत नाही. मुलाच्या बोटांवरची खरखरीत चामखीळ मात्र ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूमुळे होते. हा विषाणू शिरल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत बहुधा एक ते सहा महिने, कधी त्याहूनही अधिक काळ जातो, त्यामुळे ती नेमकी कोणाकडून आली याचा शोध घेण्यात अर्थ नसतो.

धडधाकट त्वचेतून हा विषाणू सहसा आत जात नाही. त्याला ओरखडा, भेग किंवा पाण्याने फुगलेली त्वचा लागते. मुलगा नखे किंवा नखांकडेची साले कुरतडत असेल, तर चारांच्या आठ चामखिळी होण्याचे आणि क्वचित त्या ओठांपर्यंत पोहोचण्याचे कारण तेच असू शकते, म्हणून ती सवय आधी सोडवावी. चामखीळ खाजवू, सोलू किंवा ब्लेडने कापू देऊ नये. त्याचा टॉवेल आणि नेलकटर वेगळे ठेवावेत. पायाला चामखीळ असणाऱ्याची वज्रीदेखील दुसऱ्याने वापरू नये. (आपल्याकडे अख्ख्या घराला मिळून एकच वज्री असते!) सॅनिटायझरवर विसंबू नये, कारण या विषाणूला स्निग्ध आवरण नसल्याने अल्कोहोल त्याच्यावर फारसे प्रभावी ठरत नाही, चामखिळीला हात लागल्यावर साबणाने धुवावा.

पोहणे बंद करण्याची गरज नाही. तलावात उतरण्यापूर्वी चामखिळींवर पाण्यात न सुटणारी चिकटपट्टी लावावी. अधिक धोका असतो तो काठाच्या ओल्या, खडबडीत फरशीवर अनवाणी चालण्यात, म्हणून दोन्ही मुलांना कपडे बदलण्याच्या खोलीपासून पाण्यापर्यंत स्लिपर घालायला लावावी.

घोड्याचा केस, चुना, उदबत्तीचा चटका यांपैकी काहीही करू नये. त्याने जखम चिघळते आणि जखमेच्या कडेने नव्या चामखिळी उठतात. मुलांमधल्या निम्म्याहून अधिक चामखिळी दोन वर्षांत आपोआप जातात. तेवढा धीर नसल्यास त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने सॅलिसिलिक ॲसिडचे औषध सुमारे तीन महिने नेटाने लावावे. मात्र घरात कोणाला मधुमेह असेल, तर त्यांनी आपल्या पायावर ते परस्पर लावू नये, आणि चामखीळ चेहऱ्यावर आली किंवा तिच्यातून रक्त येऊ लागले, तर घरगुती उपचार न करता ती डॉक्टरांनाच दाखवावी.