फोटोला नाव द्यायचंच का?

भाऊ, तुझे सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचे फोटो निवांत बघितले. तो व्यापारी घोड्याचा ओठ वर करून दात बघतोय ना, तो एकदम भारी आलाय, अंगठ्याला लागलेली लाळपण दिसते, पण खाली तू "स्वप्नांचा सौदा" लिहिलंस आणि मी घोडा बघायचं सोडून स्वप्नं शोधत बसलो. असलं नाव काढून टाक. साधं लिही, दात बघून घोड्याचं वय ठरवताना, सारंगखेडा, दत्तजयंतीची यात्रा. बस.

अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगने १९३६ साली कॅलिफोर्नियात काढलेला एका आईचा फोटो बघ, दोन पोरं तिच्या खांद्यावर तोंड लपवून उभी आहेत. तिची काळजी कळायला कॅप्शन लागत नाही. पण ती वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीत होती आणि पीक थंडीने गेलं होतं, हे वाचलं की आपल्यासारख्या कापूस-केळीवाल्यांच्या पोटात कालवतं. म्हणजे माहितीने फोटो वाढतो, फक्त आधी तो स्वतःच्या पायावर उभा पाहिजे.

सातपुड्यातल्या काठी गावच्या आदिवासी होळीचं मात्र वेगळं. तिथल्या बुध्याचा, म्हणजे अंग रंगवून, सजून होळीत नाचणाऱ्याचा, फोटो नुसता टाकलास तर बाहेरच्याला ते सोंग वाटेल, त्यामागे नवस असतो, कडक पथ्य असतं, तिथं दोन ओळी लिहायलाच पाहिजेत, त्या माणसांचा तेवढा मान ठेवायलाच हवा. आणि त्या त्यांनाच विचारून लिही, मनाने नको.

गाव अन् तारीख कायम नोंदवून ठेव, दाखव किंवा नको दाखवू.