सर्व्हरवर एकच गाणं दोन-दोनदा दिसतंय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जुन्या लॅपटॉपवर नाहीतर छोट्या बॉक्सवर घरचा म्युझिक सर्व्हर (सगळी गाणी एका जागी ठेवून घरातल्या मोबाइल-टीव्हीवर ऐकवणारा कॉम्प्युटर) चालवणारे आता आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडे बरेच झालेत, आणि यावेळी आलेल्या प्रश्नांमध्ये सगळ्यात जास्त एकाच गोष्टीबद्दल होते, ते म्हणजे डबल गाणी. म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच दिली आहे.

प्रश्न (अमळनेर): दादा, जुन्या लॅपटॉपवर जेलीफिन हे सर्व्हरचं सॉफ्टवेअर टाकलं. पेनड्राइव्ह, जुन्या मोबाइलचं मेमरी कार्ड, मेव्हण्याची हार्डडिस्क, सगळं एका फोल्डरमध्ये ओतलं. आता प्रत्येक गाणं दोनदा, काही तर चार-चारदा दिसतं. एका झटक्यात डुप्लिकेट उडवणारं सॉफ्टवेअर असतं म्हणे, ते चालवून टाकू का? त्यात आईच्या आवाजातली कानबाईची गाणी पण आहेत. आते काय करानं भाऊ?

उत्तर: भाऊ, आत्ता काहीच उडवू नका. तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य वाचलं आणि म्हणूनच तुमचा प्रश्न सगळ्यात वर घेतला. सिनेमाचं गाणं चुकून उडालं तर पुन्हा मिळेल, आईचं गाणं कुठून आणणार? तेव्हा आधी एक वेगळी हार्डडिस्क घ्या, सगळा फोल्डर जसाच्या तसा कॉपी करा, ती डिस्क काढून कपाटात ठेवा, आणि मगच पुढचं वाचा.

आता मुद्दा असा की स्क्रीनवर गाणं दोनदा दिसतं याचा अर्थ डिस्कवर दोन फाइली आहेतच असं नाही. हे आधी तपासायचं. जेलीफिनमध्ये गाण्याच्या तीन टिंबांवर जाऊन मीडिया इन्फो उघडा, तिथे फाइलचा पूर्ण पाथ, म्हणजे ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे तो पत्ता, दिसतो. दोन्ही नोंदींचे पाथ कागदावर एकाखाली एक लिहा. समजा एक निघाला डी ड्राइव्हमधल्या गाणी फोल्डरचा आणि दुसरा नेटवर्कवरून शेअर केलेल्या गाणी फोल्डरचा. पाथ वेगळे दिसतात, पण फोल्डर तोच असू शकतो, फक्त दोन दरवाज्यांनी जोडला गेलाय. खात्री कशी करायची तर एका ठिकाणी नवीन रिकामा फोल्डर बनवा, नाव काहीही द्या, आणि दुसऱ्या ठिकाणी जाऊन बघा. तो तिथेही दिसला म्हणजे जागा एकच आहे. अशा वेळी तुम्ही डुप्लिकेट समजून एक फाइल उडवली तर ती एकुलती एक फाइल जाते आणि दोन्ही नोंदी मरतात. इथे फाइलींना हात लावायचा नाही, डॅशबोर्डमधून लायब्ररीत जाऊन दोनपैकी एक पाथ काढायचा आणि पुन्हा स्कॅन मारायचं.

दोन्ही पाथ खरंच वेगळे निघाले तर पुढे बघा की दुसरी फाइल कुठे बसलीय. बऱ्याचदा ती रिसायकल बिनच्या लपलेल्या फोल्डरमध्ये असते, नाहीतर सिंक करणाऱ्या ॲपने जुन्या आवृत्त्या ठेवलेल्या फोल्डरमध्ये. मॅकवर वापरलेली डिस्क असेल तर प्रत्येक गाण्यासोबत टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणारी चार-पाच केबीची एक फाइल असते, त्यात गाणं नसतंच, पण शेपटी एमपीथ्रीची असते म्हणून गोंधळ होतो. जो फोल्डर सर्व्हरने बघायचाच नाही त्यात जेलीफिनसाठी डॉट इग्नोर (.ignore) नावाची रिकामी फाइल ठेवा. नॅव्हिड्रोम आणि प्लेक्स ही अशीच दुसरी सर्व्हर सॉफ्टवेअरं आहेत: नॅव्हिड्रोमवाल्यांनी रिकामी डॉट एनडीइग्नोर (.ndignore) ठेवा, प्लेक्सवाल्यांनी डॉट प्लेक्सइग्नोर (.plexignore), पण ती रिकामी चालत नाही, काय वगळायचं ते आत लिहावं लागतं.

एवढं झाल्यावर उरतात त्या खऱ्या डबल फाइली, आणि इथे सॉफ्टवेअर वापरायला हरकत नाही, फक्त क्रम पाळा. ड्यूपगुरू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात आधी कंटेंट्स म्हणजे आतला मजकूर तंतोतंत सारखा असलेल्या फाइली शोधा. पेनड्राइव्हवरून दोनदा कॉपी झालेल्या, नावापुढे कॉपी नाहीतर कंसात १ लागलेल्या सगळ्या यात सापडतात आणि यातली एक काढायला काहीच धोका नाही. दुसऱ्या फेरीत टॅग, म्हणजे फाइलीच्या आत भरलेली गाणं-गायक-अल्बमची नावं, जुळवून शोधा. हे लागतंच, कारण गाणं तेच असलं तरी एका फाइलीत अल्बमच्या जागी कुठल्यातरी डाऊनलोड साइटचं नाव असतं आणि दुसरीत खरं नाव, तेवढ्या फरकाने दोन फाइली कॉम्प्युटरला वेगळ्या वाटतात. पण टॅगची यादी आली की प्रत्येक जोडी डोळ्याखालून घाला, वेळ आणि साइज बघा, सव्वाचार मिनिटांचं आणि सहा मिनिटांचं गाणं नाव सारखं असलं तरी एक नाही. आणि हो, ड्यूपगुरूमध्ये एखादा फोल्डर रेफरन्स म्हणून ठरवता येतो, मग त्यातली एकही फाइल ते उडवत नाही. तुमचा नीट लावलेला फोल्डर तसा ठेवा. सापडलेल्या फाइली डिलीट न करता दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवायची सोय पण आहे, तीच वापरा. महिनाभर त्या बाजूला पडू द्या, कोणी घरात विचारलं नाही की मग काढा.

आता आईची गाणी. ही या सगळ्या कामातून पूर्ण बाहेर ठेवा. वेगळा फोल्डर, सर्व्हरवर वेगळी लायब्ररी. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते, रात्रभर गाणी होतात, कोणीतरी मोबाइल पुढे धरतं, आणि फाइलीला नाव देताना सगळे कानबाई एवढंच देतात. गेल्या वर्षीची पण कानबाई, त्याआधीची पण कानबाई. नाव किंवा टॅग बघणाऱ्या सॉफ्टवेअरला ती डुप्लिकेट वाटणारच. पण एकीत आई एकटी गातेय आणि दुसरीत मावशी मागून झील धरतेय, एखादी ओळ वेगळी आलीय, कारण ही गाणी कुठे छापलेली नसतात, तोंडून तोंडी चालत आलीत. अहिराणी गाण्यांमध्ये तर गाव बदललं की कडवं बदलतं. याला डुप्लिकेट म्हणायचंच नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर म्हणतात त्या गाण्यांचंही असंच.

यात खरं डबल एकाच प्रकारचं असतं: तुम्ही केलेलं रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवरून बहिणीला गेलं, तिच्याकडून परत आलं. नाव बदललेलं असतं, ऑडिओ म्हणून पाठवलेल्या फाइलीच्या नावात तारीख आणि डब्ल्यूए हे अक्षर असतं. दोन्ही हेडफोन लावून ऐका. तोच खोकला, तीच बांगडी त्याच सेकंदाला वाजली तर रेकॉर्डिंग एकच. मग जिची साइज मोठी, म्हणजे मूळ फोनवरची, ती ठेवा. आणि ठेवल्यावर लगेच टॅग भरा: गाण्याची पहिली ओळ, आईचं नाव, अल्बममध्ये कानबाई आणि साल, आणि कॉमेंटमध्ये कोणकोण सोबत होतं, कोणाच्या घरी. आईला शेजारी बसवून विचारा, तिला सगळं आठवत असेल. याची एक कॉपी दुसऱ्या गावी, बहिणीच्या घरी, असायलाच पाहिजे.

प्रश्न (शहादा): नॅव्हिड्रोम वापरते. एकाच भजनाच्या अल्बमचे तीन अल्बम झालेत, एकात ५ गाणी, एकात २, एकात १. नावं अक्षर न अक्षर सारखी आहेत, मी दहादा वाचली. मग वेगळे का?

उत्तर: ताई, डोळ्याला सारखी आहेत, कॉम्प्युटरला नाहीत. देवनागरीत हे फार होतं आणि इंग्रजीतून लिहिलेल्या मदतीच्या पानांवर याबद्दल कोणी बोलतच नाही. ॲल्बम मधला ॲ घ्या. कोणी तो एकाच अक्षराने टाइप करतं, ते अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या कोडयादीत, २००८ साली आलं. त्याआधीपासून लोक अ टाइप करून त्यावर वेगळा चंद्र देत आलेत. स्क्रीनवर दोन्ही एकसारखे, आत कोड वेगळे. तसंच दऱ्या, सुऱ्या, तऱ्हा यातला र. काही कीबोर्ड तिथे नुक्त्याचा ऱ वापरतात, काही साधा र आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. नावाच्या शेवटी चुकून पडलेली स्पेस तर दिसतच नाही.

शोधत बसू नका कुठे फरक आहे. एमपीथ्रीटॅग हे टॅग बदलायचं सॉफ्टवेअर उघडा, आठही गाणी सिलेक्ट करा, डावीकडे अल्बमच्या चौकटीत नाव पूर्ण पुसून एकदाच हाताने टाइप करा, सेव्ह करा. आठही फाइलींत आता तेच अक्षरन् अक्षर गेलं. हीच गोष्ट अल्बम आर्टिस्टच्या चौकटीत पण करा, ती चौकट रिकामी असेल तर बहुतेक घोळ तिथेच आहे. भजनाच्या अल्बममध्ये प्रत्येक गाण्याला गायक वेगळा असतो, अल्बम आर्टिस्ट दिलेला नसला की नॅव्हिड्रोम गायकाप्रमाणे अल्बम फोडतं. मंडळाचं नाव द्या नाहीतर सगळ्यांना एकच नाव द्या. रिलीजच्या तारखेचा टॅग वेगवेगळा असेल तरी फूट पडते, तो पण सारखा करा. मग फुल स्कॅन.

प्रश्न (भुसावळ): लाइट गेली आणि परत आली की सगळी लायब्ररी डबल होते. विंडोजवर प्लेक्स आहे, गाणी यूएसबी डिस्कवर.

उत्तर: लाइट आल्यावर डिस्कला मिळालेलं अक्षर बघा. आधी ई होती ती एफ झाली असेल, मग तुम्हाला गाणी दिसेनात म्हणून तुम्ही एफचा फोल्डर नव्याने जोडला असेल, आणि पुढच्या वेळी ती परत ई झाली. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या डिस्कला शेवटाकडचं एखादं अक्षर, एम म्हणा, कायमचं देऊन टाका आणि लायब्ररीत फक्त तोच पाथ ठेवा. लिनक्सवाल्यांनी एफस्टॅबमध्ये (डिस्का जोडायच्या यादीची फाइल) डिस्क यूयूआयडीने, म्हणजे तिच्या कायमच्या ओळख क्रमांकाने, माउंट करायची.

प्लेक्सच्या लायब्ररी सेटिंगमध्ये स्कॅन झाल्यावर आपोआप ट्रॅश रिकामा करायची खूण असते, ती काढा. नाहीतर सर्व्हर चालू झाला आणि डिस्क अजून जागी झालेली नाही अशा वेळी स्कॅन झालं तर प्लेक्सला वाटतं गाणी गेली, आणि नोंदी पुसल्या जातात, त्यासोबत तुम्ही दिलेले स्टार आणि प्लेलिस्टमधली गाणी पण जाऊ शकतात. ट्रॅश हाताने रिकामा करत जा, डिस्क नीट दिसतेय बघून. आणि यूपीएस घ्याच, लॅपटॉपला बॅटरी असते पण बाहेरून वीज घेणाऱ्या डिस्कला नसते, आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

प्रश्न (पाचोरा): दोन कॉपींपैकी ३२० ची ठेवायची आणि १२८ ची काढायची, हा नियम बरोबर ना?

उत्तर: बहुतेक वेळा हो, पण डोळे झाकून नाही. हे आकडे बिटरेटचे, म्हणजे गाण्याच्या एका सेकंदाला किती किलोबिट माहिती ठेवली त्याचे. ५ मिनिटांचं गाणं १२८ ला साधारण ५ एमबी होतं आणि ३२० ला १२ एमबी, पण १२८ ची फाइल घेऊन तिलाच पुन्हा ३२० ला बनवता येतं, साइज वाढते आणि आवाज होता तोच राहतो, उलट थोडा बिघडतोच. नेटवरून आलेल्या जुन्या मराठी गाण्यांत हे खूप आहे. स्पेक नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल टाका, रंगीत चित्र येतं. १२८ च्या एमपीथ्रीत १६ किलोहर्ट्झच्या आसपास वरचा भाग एकदम कापल्यासारखा काळा असतो. ३२० म्हणणाऱ्या फाइलीचा रंग पण तिथेच कापलेला असला तर संशय घ्या आणि दोन्ही ऐकून ठरवा. एक अपवाद आहे, जुन्या कॅसेटवरून घेतलेल्या गाण्यात मुळातच वरचे सूर कमी असतात, तिथे चित्रावरून निकाल देऊ नका. कॅसेटच्या बाबतीत तर मी बिटरेट बघतच नाही, ज्या कॉपीत गायकाचे शब्द स्वच्छ लागतात ती ठेवतो. काढायच्या आधी एवढं बघा की प्लेलिस्टमध्ये दोनपैकी कोणती आहे, नाहीतर प्लेलिस्टमधून गाणं गायब झालं म्हणून घरचे विचारतील.

प्रश्न (नंदुरबार): मुलाने मोबाइलच्या ॲपमधून डबल गाणी डिलीट केली. ती फक्त ॲपमधून गेली ना?

उत्तर: नाही ताई. जेलीफिनमध्ये डिलीट म्हटलं की डिस्कवरची फाइल जाते, प्लेक्समध्ये पण मीडिया डिलीट करायची परवानगी चालू असेल तर तसंच. तुमचा सर्व्हर विंडोजवर असो की लिनक्सवर, आधी सर्व्हर बंद करा आणि त्या डिस्कवर नवीन काहीच कॉपी करू नका, म्हणजे रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत मिळायची शक्यता राहते. फोटोरेक फुकट आहे, त्याने एमपीथ्री निघतात, पण फाइलींची नावं जातात, टॅग असतील तर त्यावरून ओळखता येईल. निघालेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर सेव्ह करा, त्याच डिस्कवर नको. नंतर डॅशबोर्डमध्ये युजर्सवर जाऊन मुलाच्या अकाउंटची डिलीट करायची परवानगी काढून घ्या, ऐकायला तिची गरज पडत नाही.

प्रश्न (धुळे): एकच गाणं सिनेमाच्या अल्बममध्ये आहे आणि गायकाच्या निवडक गाण्यांच्या अल्बममध्ये पण. यातलं कोणतं काढू?

उत्तर: कोणतंच नका काढू. एक काढलं की एक अल्बम अर्धवट होईल, आणि जागा वाचते ती १०-१२ एमबी. शफलवर तेच गाणं पुन्हापुन्हा येतंय म्हणून त्रास होत असेल तर आवडत्या गाण्यांची वेगळी प्लेलिस्ट करा आणि शफल तिच्यावर लावा.