गाडीची आणि होडीची घरच्या घरी निगा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या महिन्यात नागपूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे वाहनाची प्राथमिक निगा स्वतः राखण्याविषयी आहेत. रामटेक परिसरातील एका वाचकाने होडीच्या इंजिनाविषयी विचारले आहे, याचा विशेष आनंद वाटला, कारण आपल्या जिल्ह्यातील तलावांवर इंजिनाच्या होड्या चालत असूनही त्यांच्या देखभालीविषयी मराठीत फारच थोडे लिहिले जाते.

प्रश्न : मी नुकताच सेवानिवृत्त झालो असून पाच वर्षे वापरलेली पेट्रोलची कार विकत घेतली आहे. प्रत्येक लहान कामासाठी गॅरेजमध्ये जाण्याऐवजी काही कामे स्वतः शिकावीत असे वाटते. सुरुवात कोठून करावी आणि कोणत्या कामाला हात लावू नये?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : सुरुवात पान्यापासून करू नये, पाहण्यापासून करावी. गाडीसोबत मिळालेली माहितीपुस्तिका आपल्याकडे नसेल तर ती आधी मिळवा, कारण इंजिन ऑइलचा दर्जा, टायरमधील हवेचा दाब आणि चाकाचे नट किती घट्ट करायचे हे प्रत्येक गाडीसाठी वेगळे असते आणि शेजाऱ्याच्या गाडीचे आकडे आपल्या गाडीला लागू होत नाहीत. त्यानंतर आठवड्यातून एकदा, सकाळी इंजिन थंड असताना, बॉनेट उघडून तेच ते भाग नियमाने पाहण्याची सवय लावा आणि जे दिसेल ते एका वहीत तारीख व किलोमीटरसह लिहा. ऑइलची पातळी एका दिवशी पाहून फारसे कळत नाही; ती महिन्याभरात किती उतरली हे नोंदींवरूनच कळते.

ऑइल पाहताना गाडी सपाट जागी असावी. डिपस्टिक एकदा काढून पुसून घ्यावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मग वाचावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये असेल तर भर घालण्याची गरज नसते. वरच्या खुणेच्या पलीकडे ऑइल भरणे हा नवख्या हातून होणारा नेहमीचा प्रकार आहे आणि तो कमी ऑइलइतकाच त्रासदायक ठरू शकतो, कारण फिरणारा क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, ते जास्तीचे ऑइल घुसळून त्यात हवा मिसळतो आणि फेसाळलेले ऑइल बेअरिंगला नीट वंगण देऊ शकत नाही. डिपस्टिकवरील किंवा ऑइल भरण्याच्या झाकणाखालील थर दुधाळ, कॉफीसारखा दिसला, तर ऑइलमध्ये पाणी किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) मिसळत असण्याची शक्यता असते. तेव्हा गाडी न चालवता जाणकाराला दाखवावी.

कूलंटविषयी नागपूरकरांमध्ये एक समज दृढ आहे की आपल्याकडे पाणी गोठत नाही, म्हणून रेडिएटरमध्ये साधे पाणी चालते. हा समज इंजिनाला महागात पडतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचे निम्मे-निम्मे मिश्रण साध्या पाण्यापेक्षा अधिक तापमानाला उकळते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते ॲल्युमिनियमच्या भागांना गंजण्यापासून वाचवते. शहरातील अनेक बोअरवेलचे पाणी जड असते. त्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचला की मे महिन्यात सीताबर्डीच्या वाहतुकीत उभ्या असलेल्या गाडीचा तापमानाचा काटा वर चढू लागतो. कूलंटच्या रंगावरून त्याचा प्रकार ठरत नाही, त्यामुळे रंग जुळला म्हणून दोन वेगळी कूलंट एकत्र करू नयेत. इंजिन गरम असताना रेडिएटरचे किंवा कूलंटच्या दाबाच्या टाकीचे झाकण कोणत्याही कारणाने उघडू नये. आतील द्रव दाबाखाली असतो, झाकण सैल होताच तो उसळून बाहेर येतो आणि चेहरा व हात गंभीर भाजतात.

हाताने करण्याचे पहिले काम म्हणून एअर फिल्टर आणि एसीचा केबिन फिल्टर निवडावा. आपल्या शहरातील रस्त्यांची आणि इमारतींची कामे पाहता हे दोन्ही फिल्टर पुस्तिकेतील मुदतीपूर्वीच भरतात. बहुतेक गाड्यांत ते क्लिप किंवा तीन-चार स्क्रू काढून बदलता येतात. त्यानंतर वायपरचे रबर, फ्यूज आणि बल्ब ही कामे शिकावीत. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलण्याचे काम मात्र, माझ्या मते, निदान एक वर्ष या लहान कामांत हात बसल्यावरच हाती घ्यावे, कारण त्यासाठी गाडीखाली जावे लागते. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, एका मिनिटासाठीही, शिरू नये. गाडीसोबतचा जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. सपाट आणि टणक जमिनीवर, चाकांना अडण्या लावून, गाडीचे वजन दोन मजबूत स्टँडवर टेकवल्यानंतरच खाली जावे. विटा, लाकडी ठोकळे किंवा सिमेंटचे ब्लॉक हा त्याला पर्याय नाही. फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचे रबरी वॉशर इंजिनाला चिकटून राहिलेले नाही याची खात्री करावी, नव्या वॉशरला बोटाने थोडे ऑइल लावावे आणि फिल्टर पाना न लावता हाताने घट्ट करावा. वॉरंटी शिल्लक असेल तर घरी केलेल्या कामाचा तिच्यावर काय परिणाम होईल हे अटींमध्ये आधी वाचून घ्यावे आणि वापरलेल्या मालाची बिले जपून ठेवावीत.

ब्रेकच्या नळ्या व कॅलिपर, स्टिअरिंग, एअरबॅग, हायब्रिड किंवा विजेवरील गाडीतील नारिंगी केबल आणि सीएनजी किट यांना घरी हात लावू नये. सीएनजी टाकीची जलदाब चाचणी दर तीन वर्षांनी अधिकृत केंद्रातूनच करून घ्यायची असते. ब्रेक ऑइलची पातळी पाहणे हे मात्र आपले काम आहे. ती हळूहळू उतरणे हे ब्रेक पॅड झिजल्याचे लक्षण असू शकते, त्यामुळे वरून भर घालून विसरून जाऊ नये, पॅड तपासून घ्यावेत. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, म्हणून बहुतेक उत्पादक ते सुमारे दोन वर्षांनी बदलण्यास सांगतात.

प्रश्न : माझ्या गाडीची बॅटरी दुसऱ्याच उन्हाळ्यात संपली. दुकानदार म्हणतात, नागपुरात असेच चालते. यात तथ्य आहे का?
— एक वाचिका, जरीपटका

उत्तर : तथ्य आहे, पण हतबल होण्यासारखे नाही. बॅटरी बंद पडलेली थंडीत किंवा पावसाळ्यात लक्षात येत असली, तरी तिचे आयुष्य उन्हाळ्यातच कमी झालेले असते. नवतपाच्या दिवसांत पारा ४५ अंशांच्या वर जातो, बॉनेटखालील तापमान त्याहून पुष्कळ अधिक असते, आणि उष्णतेने बॅटरीतील पाणी उडते व आतील जाळ्यांची झीज वेगाने होते.

एक साधे मल्टीमीटर विकत घ्या. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या, पूर्ण चार्ज बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट दिसतो. तो १२.४ च्या खाली वारंवार दिसू लागला तर बॅटरी पुरती चार्ज होत नाही किंवा थकली आहे असे समजावे. इंजिन चालू केल्यावर हाच आकडा साधारणपणे १३.८ ते १४.५ च्या दरम्यान जायला हवा. तो वाढलाच नाही तर दोष अल्टरनेटरकडे (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राकडे) किंवा जोडणीत असण्याची शक्यता अधिक, आणि अशा वेळी नवी बॅटरी बसवली तरी ती काही दिवसांत उतरेल. अलीकडच्या काही गाड्यांत चार्जिंगचा दाब संगणक कमीजास्त करतो, म्हणून एकाच वाचनावर निर्णय घेऊ नये.

आपल्या बॅटरीला पाणी घालण्याची झाकणे असतील तर उन्हाळ्यात दर महिन्याला पातळी पाहावी आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत भरावे. नळाचे, बोअरचे किंवा घरातील आरओचे पाणी घालू नये आणि आम्लही घालू नये. टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवट थर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा मिसळून ब्रशने काढता येतो, मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाता कामा नये. काम करताना अंगठी, बांगड्या आणि धातूचे घड्याळ काढून ठेवावे, चष्मा व हातमोजे घालावेत आणि जवळ विस्तव नसावा, कारण चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. केबल काढताना ऋण टोक आधी काढावे व जोडताना शेवटी जोडावे. ऋण टोक जोडलेले असताना धन टोकावरील पाना गाडीच्या पत्र्याला लागला, तर तेथे थेट शॉर्टसर्किट होते.

प्रश्न : समृद्धी महामार्गाने कुटुंबासह शिर्डीला जायचे आहे. टायरसाठी काय पाहावे?
— एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : निघण्याच्या दिवशी सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी, स्टेपनीसह पाचही टायरमधील दाब तपासावा. योग्य आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर असतो आणि भरलेल्या गाडीसाठी तो वेगळा दिलेला असतो. या मार्गावर कारला ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेग मान्य आहे. तासन्‌तास एकसारख्या वेगाने तापलेल्या काँक्रीटवर धावताना हवा कमी असलेल्या टायरच्या बाजू सतत दुमडत राहतात, त्यातून उष्णता वाढते आणि टायर फुटतो. उन्हाळ्यात हवा मुद्दाम कमी ठेवावी हा सल्ला म्हणूनच धोकादायक आहे. वाटेत तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसेल. तो वाढणे अपेक्षितच असते, हवा सोडू नये. खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. टायरच्या बाजूवरील शेवटचे चार अंक त्याची निर्मिती सांगतात, उदाहरणार्थ २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. बाजूला फुगवटा किंवा भेगा असतील तर खाचा चांगल्या असूनही त्या टायरवर हा प्रवास करू नये.

प्रश्न : आमच्या गटाकडे तलावावर चालवण्यासाठी मागे लावण्याचे दोन-स्ट्रोक पेट्रोल इंजिन असलेली होडी आहे. उन्हाळ्यात इंजिन फार तापते आणि बाजूने पडणारी पाण्याची धार बारीक झाली आहे. आम्ही स्वतः काय करू शकतो?
— एक वाचक, रामटेक तालुका

उत्तर : आपण धारेकडे लक्ष दिलेत हे फार चांगले केले. होडीच्या या इंजिनाला रेडिएटर नसतो. ते तलावातील पाणीच ओढून स्वतःला थंड ठेवते आणि ती धार म्हणजे पाणी आत फिरत असल्याची खूण असते. धार बारीक झाली की इंजिन लगेच बंद करावे आणि वल्ह्यांनी किनारा गाठावा.

कोणताही भाग हाताळण्यापूर्वी इंजिन न्यूट्रलमध्ये घ्या, बंद करण्याच्या दोरीची क्लिप काढून घ्या आणि स्पार्क प्लगची वायर सोडवा, म्हणजे पंखा हाताने फिरवताना इंजिन अचानक सुरू होणार नाही. प्रथम पाण्याखालील भागातील पाणी घेण्याची जाळी पाहा. उन्हाळ्यात पातळी उतरली की इंजिन गाळ आणि शेवाळ ओढते, जलपर्णीची मुळेही तेथे अडकतात. मग धार पडण्याचे छिद्र बारीक, लवचीक तारेने हलकेच मोकळे करावे. पुष्कळदा धार कमी होण्याचे कारण एवढेच असते.

दोन्ही ठिकाणे स्वच्छ असूनही धार सुधारली नाही, तर संशय पंपातील रबरी इम्पेलरवर, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चक्रावर, घ्यावा. त्याची पाती वाळूमिश्रित पाण्याने झिजतात आणि वापराविना राहिल्यास एका बाजूला वाकून तशीच राहतात. इम्पेलर हा ठरावीक मुदतीने बदलण्याचाच भाग आहे. त्यासाठी खालचा गिअरचा भाग उतरवावा लागतो आणि गिअरचा दांडा सोडवून पुन्हा बरोबर जुळवावा लागतो, म्हणून पहिल्यांदा अनुभवी मिस्त्रीच्या शेजारी बसून ते काम पाहावे आणि पुढच्या वेळी स्वतः करावे. किनाऱ्यावर इंजिन चालवून पाहायचे असेल तर पंखा काढून ते पाण्याच्या ड्रममध्ये, जाळी पूर्ण बुडेल असे ठेवावे. कोरडे इंजिन काही सेकंदही चालवू नये, कारण इम्पेलरला वंगण पाण्याचेच असते.

गिअरचे ऑइल हे काम मात्र आपण निश्चित करावे. खालचा स्क्रू आधी आणि वरचा नंतर काढून ऑइल भांड्यात घ्या. ते दुधाळ असेल तर सील गळत आहे, आणि त्याचे नेहमीचे कारण म्हणजे पंख्यामागे दांड्यावर गुंडाळलेली मासेमारीची नायलॉन दोरी. नवे ऑइल खालच्या छिद्रातून भरावे, वरच्या छिद्रातून हवेचे बुडबुडे थांबून ऑइल येऊ लागले की आधी वरचा स्क्रू लावावा, आणि दोन्ही वॉशर नवे घालावेत.

इंधनाबाबत एक गोष्ट विशेष सांगतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल ओलावा ओढते. पुरेसे पाणी शिरले की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. त्या थरात दोन-स्ट्रोकचे ऑइल नसल्याने तो इंजिनात गेला तर पिस्टन खरवडून निघतो. म्हणून मिश्रण लागेल तेवढेच बनवावे आणि होडी काही आठवडे उभी राहणार असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करावेत. पुस्तिकेत ५० ला १ असे प्रमाण असेल तर एका लिटरला २० मिलिलिटर ऑइल मोजून घालावे. जुन्या इंजिनांना वेगळे प्रमाण लागते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने होडीच्या तळाशी साचून राहते. सुटी टाकी नेहमी किनाऱ्यावर उतरवूनच भरावी.

आपले पाणी गोडे असल्यामुळे समुद्रावरच्या होड्यांसारखे मीठ धुण्याचा प्रश्न येत नाही, परंतु गंज रोखणारा धातूचा तुकडा जस्ताचा असेल तर तो गोड्या पाण्यात नीट काम करत नाही. त्याऐवजी मॅग्नेशियमचा मागावा.

प्रश्न : २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अंबाझरी तलाव ओसंडून आमच्या भागात पाणी शिरले, तेव्हा गाडी अर्धी बुडाली होती. पुन्हा तसे झाले तर काय करावे?
— एक वाचक, अंबाझरी लेआउट

उत्तर : पाणी ओसरल्यावर गाडी सुरू करून पाहू नये. सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर ते दाबले जात नाही आणि एका स्टार्टमध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो. शक्य असल्यास बॅटरीचे ऋण टोक सोडावे, पाणी कोठपर्यंत चढले त्याची छायाचित्रे घ्यावीत, विमा कंपनीला कळवावे आणि गाडी उचलून न्यावी. हायब्रिड किंवा विजेवरील गाडी असेल तर तिच्या जवळही जाऊ नये आणि सेवा केंद्राला बोलवावे. विम्यात इंजिन संरक्षणाची जोड घेतली आहे का, हे पावसाळ्यापूर्वीच पाहावे.

प्रश्न : घरी बदललेले काळे ऑइल कोठे टाकावे?
— एक वाचिका, नंदनवन

उत्तर : गटारात, मोकळ्या जमिनीवर किंवा कचऱ्याच्या गाडीत मुळीच नाही. आपल्या नाल्यांचे पाणी नाग नदीत, तेथून कन्हान आणि वैनगंगेत, आणि पुढे गोसीखुर्दच्या जलाशयात जाते, जेथे मासेमारीवर कुटुंबे जगतात. वापरलेले ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे. झाकणाच्या कोरड्या डब्यात साठवून, ते पुढे अधिकृत संकलकाला देणाऱ्या मोठ्या सेवा केंद्राकडे सोपवावे. जुना फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळून घ्यावा व तोही सोबत द्यावा. त्या डब्यात कूलंट, ब्रेक ऑइल किंवा पेट्रोल मिसळू नये, कारण असे मिश्रण पुनर्प्रक्रियेस योग्य राहत नाही.