वाचकांचे प्रश्न : सू आणि कृष्णवर्णीय अमेरिकन, दोन गरिबींचा हिशेब

अमेरिकेतल्या सू या मूळनिवासी जमातींची आणि आफ्रिकन-अमेरिकन समाजाची आर्थिक स्थिती ताडून पाहणारे बरेच प्रश्न वाचकांनी पाठवले आहेत. त्यांतले निवडक प्रश्न आणि आमची उत्तरं.

प्रश्न : या दोन समाजांत जास्त गरीब कोण? सरळ उत्तर द्यावं.

राखीव क्षेत्रात, म्हणजे जमातींसाठी राखून ठेवलेल्या भूभागात राहणारे सू. एवढं ठामपणे सांगता येतं. मात्र हे सांगताना जे आकडे शेजारी-शेजारी मांडले जातात, ते बहुतेक वेळा तुलनेला योग्य नसतात. अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या हिशेबाने २०२२मध्ये कृष्णवर्णीयांपैकी १७.१ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते, मूळनिवासींपैकी २५ टक्के, आणि सगळा देश धरला तर ११.५ टक्के. पण हे २५ टक्के सूंचे नव्हेत. त्यात अलास्कातल्या जमाती आल्या, नवाहो आले, चेरोकी आले, शहरात स्थिरावलेली कुटुंबंही आली.

शिवाय दोन्ही समाजांच्या आकारात प्रचंड तफावत आहे. २०२०च्या जनगणनेत स्वतःला पूर्णतः किंवा अंशतः कृष्णवर्णीय म्हणवणारे सुमारे ४ कोटी ६९ लाख लोक होते. सू (म्हणजे लाकोटा, डाकोटा, नाकोटा मिळून) २०१०च्या जनगणनेत मिश्र वंशाचे धरूनही १ लाख ७० हजारांच्या घरात होते. कृष्णवर्णीयांसारख्या एवढ्या मोठ्या समाजाची सरासरी श्रीमंत टोकामुळे आणि गरीब टोकामुळे आपोआप मधोमध येते. म्हणून जागेची तुलना जागेशी करावी. साउथ डकोटातल्या पाइन रिज राखीव क्षेत्रात येणारी ओग्लाला लाकोटा काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) घ्या. तिथे बरीच वर्षं जवळपास निम्मी माणसं दारिद्र्यरेषेखाली आहेत. तिच्यासमोर ठेवायची ती मिसिसिपीतली होम्स काउंटी, कारण तीही ग्रामीण आहे, बहुसंख्य कृष्णवर्णीय आहे आणि देशातल्या सर्वांत गरीब काउंट्यांमध्ये मोडते. वॉशिंग्टनजवळच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीतही कृष्णवर्णीयच बहुसंख्य आहेत, पण तिथे सुस्थितीतला नोकरदार वर्ग राहतो. तिची तुलना पाइन रिजशी केली तर हाती काहीच लागणार नाही.

प्रश्न : पाइन रिजमधली बेरोजगारी कुठे ८० टक्के लिहिलेली असते, कुठे त्याच्या कितीतरी कमी. खरं काय?

दोन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. केंद्रीय कामगार आकडेवारीत बेरोजगार कोण? ज्याला काम नाही, जो कामाला तयार आहे आणि ज्याने गेल्या चार आठवड्यांत प्रत्यक्ष काम शोधलं आहे, तो. शोध थांबवलेला माणूस त्या हिशेबातून बाहेर पडतो. ब्युरो ऑफ इंडियन अफेअर्सच्या (मूळनिवासींचा कारभार पाहणारं केंद्रीय कार्यालय) जुन्या अहवालांत काम करू शकणारा पण काम नसलेला प्रत्येक माणूस मोजला जाई. शोधण्याची अट नसे.

जिथे नोकऱ्या म्हणजे जमातीचं कार्यालय, शाळा, दवाखाना आणि थोडी दुकानं एवढंच, गाडी नादुरुस्त आणि शहर दूर, तिथे माणूस दर महिन्याला नव्याने काम शोधायला कुठे जाणार? म्हणून पहिली पद्धत राखीव क्षेत्राची परिस्थिती आहे त्यापेक्षा सौम्य दाखवते. दुसरीत घरगुती किंवा हंगामी कामाने चार पैसे मिळवणारे नीट मोजले जात नाहीत, त्यामुळे ती परिस्थिती अधिक भीषण दाखवते. आमच्या मते हे दोन्ही आकडे बाजूला ठेवावेत आणि १६ वर्षांवरील एकूण लोकांपैकी किती जण कामावर आहेत, हे प्रमाण पाहावं. दोन समाज एका मापाने मोजायचे तर तेच कमी फसवतं.

प्रश्न : सूंकडे लाखो एकर जमीन आहे. मग ते गरीब का? आणि कृष्णवर्णीयांकडे जमीन जवळजवळ नाही, तरी त्यांची सरासरी वर कशी?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

१८६८च्या फोर्ट लॅरमी तहाने मिसुरी नदीच्या पश्चिमेकडचा, आजच्या साउथ डकोटाचा जवळजवळ अर्धा भाग सूंना दिला. १८७४मध्ये ब्लॅक हिल्समध्ये सोनं सापडलं आणि १८७७मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून ते डोंगर काढून घेतले. १८८९मध्ये उरलेल्या क्षेत्राचे तुकडे पाडून सुमारे ९० लाख एकर बाहेरच्यांना खुले केले. राहिलेल्यातून कुटुंबप्रमुखाला ३२० एकर अशी वैयक्तिक वाटणी ठरली. मात्र या जमिनीची कायदेशीर मालकी सरकारने विश्वस्त म्हणून स्वतःकडे ठेवली. सरकारच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही, तारणही ठेवता येत नाही.

आता मूळ धारक मृत्युपत्र न करता वारला असं धरा. चार मुलं, त्यांची प्रत्येकी चार, त्यांचीही प्रत्येकी चार : तिसऱ्या पिढीत ६४ हिस्सेदार. जमीन मात्र मोजून वेगळी होत नाही; प्रत्येकाचा हिस्सा अख्ख्या ३२० एकरांवर अविभक्त राहतो. चराईचं भाडं एकरी १५ डॉलर धरलं, तर वर्षाचे ४,८०० डॉलर येतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला ७५. पुढच्या पिढीत १८ डॉलर ७५ सेंट. (भाड्याचा दर हिशेबापुरता धरला आहे.)

हिस्सेदारांपैकी कुणाला तिथे स्वतः शेती करायची असेल, तर इतरांची संमती लागते. हिस्सेदार १ ते ५ असतील तर ९० टक्के हिश्श्यांची, ६ ते १० असतील तर ८० टक्के, ११ ते १९ असतील तर ६० टक्के, आणि २० किंवा अधिक असतील तर निम्म्याहून जास्त हिश्श्यांची. चार राज्यांत पांगलेल्या चुलतभावंडांचे पत्ते शोधण्यापेक्षा बाहेरच्या पशुपालकाला भाडेपट्टा देणं सोपं पडतं, आणि तेच होत आलं आहे. जमीन सूंची, गुरं दुसऱ्याची, मांसाचा नफाही दुसऱ्याचा.

आता कृष्णवर्णीयांकडे वळू. जानेवारी १८६५मध्ये जनरल शर्मनने किनारपट्टीची जमीन मुक्त झालेल्या गुलामांना चाळीस-चाळीस एकर देण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सनने ती जुन्या मळेवाल्यांना परत केली. तरीही पै-पै साठवून लोकांनी जमिनी घेतल्या. १९२०मध्ये कृष्णवर्णीय शेतकरी ९ लाख २५ हजारांहून अधिक होते, म्हणजे देशातल्या दर सात शेतकऱ्यांमागे एक. आज ते पन्नास हजारांच्या आत आले आहेत.

जमीन गेली कशी? इथेही मुळाशी तीच अडचण : मृत्युपत्र नाही, जमीन सामायिक. वकील परवडत नव्हता आणि गोऱ्यांच्या न्यायालयावर विश्वास ठेवण्याचं काही कारणही नव्हतं. फरक असा, की या जमिनीवर सरकारी विश्वस्त नव्हता, त्यामुळे कोणताही एक हिस्सेदार वाटणीचा दावा लावू शकत होता. सट्टेबाज दूरच्या शहरातल्या एखाद्या नातवाला गाठून त्याचा लहानसा हिस्सा विकत घेई, त्या जोरावर न्यायालयात जाई, आणि न्यायालय जमीन मोजून वेगळी करण्याऐवजी सगळीच लिलावात काढी. लिलावात पैसे लगेच रोख मोजावे लागत. कसणाऱ्या कुटुंबाकडे ते नसत. जमीन पडत्या भावात जाई आणि दाव्याचा खर्चही त्याच रकमेतून वळता होई. साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर, हिल्टन हेड बेटावर, गुल्ला-गीची या गुलामांच्या वंशजांच्या समाजाच्या जमिनी अशाही वाटेने गेल्या.

म्हणजे सामायिक वारसा दोन्हीकडे होता. सूंची जमीन कायद्याने गोठली : हातात राहिली, पण तिच्यावर कर्ज मिळेना की धंदा उभा राहीना. कृष्णवर्णीयांची जमीन कायद्याने सुटी राहिली आणि हातातून गेली. पण जमिनीवरून सुटलेली माणसंही गेली. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या कारखानदार शहरांत गेले. वर्णभेद तिथेही होता, मात्र मजुरी होती, संघटना होत्या, पुढे सरकारी नोकऱ्या आल्या. सरासरी वर दिसते ती या मजुरीमुळे. त्यासाठी जी किंमत मोजली गेली, ती उत्पन्नाच्या तक्त्यात दिसत नाही.

प्रश्न : यावर काही उपाय झाले का?

झाले, उशिरा. कृष्णवर्णीयांच्या सामायिक जमिनींसाठी २०१०मध्ये एक आदर्श कायदा तयार झाला आणि जॉर्जिया, अलाबामा, साउथ कॅरोलिना, मिसिसिपी अशा राज्यांनी तो स्वीकारला. त्यानुसार न्यायालयाने आधी जमिनीचं मूल्यांकन करायचं. मग विक्री मागणाऱ्याचा हिस्सा विकत घेण्याची संधी इतरांना द्यायची. त्यासाठी ४५ दिवसांत होकार कळवायचा, आणि पैसे भरायला न्यायालय किमान आणखी ६० दिवस देतं. कुणी घेतला नाही तर जमीन प्रत्यक्ष वाटून देण्याचा विचार आधी, आणि विकायचीच ठरली तर लिलावाऐवजी दलालामार्फत खुल्या बाजारात. चुकतं ते इथे : न्यायालयाची नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि ४५ दिवस उलटून जातात.

सूंच्या बाजूला २००४च्या कायद्याने मृत्युपत्र नसेल आणि हिस्सा ५ टक्क्यांहून कमी असेल, तर तो एकाच वारसाकडे, साधारणपणे थोरल्याकडे जातो. तुकडे थांबतात, पण धाकट्यांना काहीच मिळत नाही. म्हणून अशा हिस्सेदाराने मृत्युपत्र करणं फार गरजेचं आहे. पुढे कोबेल खटल्याच्या (मूळनिवासींच्या विश्वस्त जमिनींच्या पैशांचा हिशेब नीट न ठेवल्याबद्दल सरकारवरचा खटला) ३४० कोटी डॉलरच्या तडजोडीतले १९० कोटी डॉलर राजीखुशीने हिस्से विकत घेण्यासाठी ठेवले गेले. ही योजना २०२२मध्ये संपली. विकत घेतलेले हिस्से जमातीच्या नावावर गेले, कुटुंबाच्या नाही, हे विसरू नये.

शेतीकर्जातला भेदभाव मात्र दोघांच्या वाट्याला एकाच खात्याकडून आला. कृषी खात्याविरुद्ध कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या पिगफर्ड खटल्यात १९९९मध्ये तडजोड झाली. बहुतेक यशस्वी दावेदारांना प्रत्येकी ५० हजार डॉलर मिळाले. मूळनिवासींचा कीप्सईगल खटला त्याच वर्षी दाखल झाला. त्याचे प्रमुख वादी स्टँडिंग रॉकचे सू पशुपालक दांपत्य होते. तडजोड ७६ कोटी डॉलरची झाली, पण यशस्वी दावेदार ३,६०० च्या आसपासच निघाले आणि सुमारे ३८ कोटी डॉलर उरले. तोवर कित्येक जण शेती सोडून गेले होते किंवा वारले होते.

प्रश्न : राखीव क्षेत्रात घरासाठी कर्ज मिळतच नाही का?

मिळतं, पण वाट लांब आहे. गृहनिर्माण खात्याची 'सेक्शन १८४' योजना बँकेला कर्जाची हमी देते. जमातीच्या विश्वस्त जमिनीवर आधी भाडेपट्टा करावा लागतो, सहसा २५ वर्षं अधिक २५ वर्षं, आणि तारण राहतं ते घर व भाडेपट्टा, जमीन नाही. भाडेपट्टा ब्युरोकडून मंजूर आणि नोंदणीकृत हवा. मग ब्युरोकडून मालकीची प्रमाणित स्थिती दाखवणारा अहवाल मागवायचा. कर्ज ५० हजार डॉलरहून अधिक असेल तर स्वतःचे २.२५ टक्के, कमी असेल तर १.२५ टक्के भरायचे. घोडं अडतं ते अहवालावर. तो महिनोन्‌महिने येत नाही आणि बँकेने बांधून दिलेल्या व्याजदराची मुदत त्याआधी संपते. म्हणून घराचा आराखडा ठरण्याआधीच तो अहवाल मागवलेला बरा.

कृष्णवर्णीयांची अडचण वेगळी. १९३०च्या दशकात त्यांच्या वस्त्या सरकारी नकाशांवर लाल रंगाने धोक्याच्या दाखवल्या गेल्या आणि हमीची कर्जं गोऱ्या उपनगरांकडे वळली. १९६८मध्ये घरांबाबतच्या भेदभावावर बंदी आली, पण तोवर एका पिढीचं घर घेण्याचं वय उलटलं होतं. फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेच्या २०२२च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक (क्रमाने लावल्यास मधोमध येणारी) संपत्ती २ लाख ८५ हजार डॉलर, कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९०० होती. मूळनिवासींचा वेगळा आकडा या पाहणीत दिला जात नाही, त्यामुळे सूंच्या संपत्तीची अशीच तुलना करणाऱ्या लेखावर विश्वास ठेवताना जपावं.

प्रश्न : सूंना सरकार दरमहा पैसे देतं, ते कर भरत नाहीत आणि कॅसिनोवर श्रीमंत झाले, असं ऐकतो.

जमातीचा सदस्य म्हणून सरकारकडून मासिक रक्कम मिळत नाही. केंद्रीय आयकर भरावाच लागतो. आरोग्यसेवा तहांच्या जबाबदारीतून येते, पण ती विमा नव्हे. बाहेरच्या रुग्णालयात पाठवण्याचा निधी तुटपुंजा असला की जिवावर बेतलेल्या रुग्णांनाच आधी पाठवलं जातं.

कॅसिनोचं गणित शहराच्या अंतरावर चालतं. मिनियापोलिसजवळची शाकोपी ही डाकोटांची छोटी जमात खरोखर श्रीमंत आहे : सदस्य मोजके, शेजारी महानगर. पाइन रिजचा कॅसिनो एकाकी माळरानावर आहे आणि जमातीचे सदस्य हजारोंच्या घरात. वर १९८९पासून ब्लॅक हिल्समधल्या डेडवुड गावात जुगार सुरू झाला, म्हणजे सूंकडून काढून घेतलेल्या भूमीवरच त्यांच्याशी स्पर्धा.

ब्लॅक हिल्सच्या भरपाईबद्दलही विचारलं आहे. १९८०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याजासह सुमारे १० कोटी ६० लाख डॉलरचा निवाडा कायम केला. जमातींनी रक्कम स्वीकारली नाही, कारण स्वीकारली की भूमीवरचा दावा संपतो. आज ती एक अब्ज डॉलरच्या पलीकडे गेली आहे. १ लाख ७० हजार माणसांत एक अब्ज वाटले तर माणशी सहा हजार डॉलरही येत नाहीत. पवित्र डोंगर एवढ्यावर सोडायला ते तयार नाहीत, आणि आम्हाला त्यांचा निर्णय पूर्ण विचारांती घेतलेला वाटतो.

प्रश्न : स्वतः तुलना करायची तर कुठून सुरुवात करावी?

जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर पाच वर्षांची एकत्रित पाहणी निवडा. एका वर्षाची पाहणी लहान राखीव क्षेत्रांसाठी प्रसिद्धच होत नाही. भूभाग निवडताना काउंटीऐवजी राखीव क्षेत्राचं नाव घ्या, कारण एका क्षेत्रात दोन-तीन काउंट्या येऊ शकतात. मध्यक उत्पन्नाचा तक्ता बी १९०१३ : शेवटी 'बी' अक्षर असलेला कृष्णवर्णीयांचा, 'सी' असलेला मूळनिवासींचा. दारिद्र्यासाठी एस १७०१, रोजगारासाठी एस २३०१. प्रत्येक आकड्याशेजारी त्रुटीची मर्यादा दिलेली असते. दोन आकड्यांच्या मर्यादा एकमेकींत बऱ्याच शिरत असतील, तर फरक आहे असं लिहू नका. आणि २०२०च्या जनगणनेत राखीव क्षेत्रांतले मूळनिवासी ५.६४ टक्के, तर कृष्णवर्णीय ३.३ टक्के कमी मोजले गेले, हे वहीत पहिल्याच पानावर टिपून ठेवा. दरडोई आकडा काढताना त्याची गरज पडते.