बोटीवर फ्रीज हवा का?

प्रश्न: मी सोलापूरचा, मेव्हण्याबरोबर रत्नागिरीला जुनी २६ फुटी शिडाची बोट घेतलीय. तो म्हणतो रडार, फ्रीज सगळं लावू. एवढं लागतं का हो?

उत्तर: रडार राहू द्या. आधी व्हीएचएफ रेडिओ (बोटीवरचा बिनतारी संच) घ्या, किनारा लांब गेला की मोबाईलची रेंज जाते आणि रेडिओच्या चॅनल १६ वर, म्हणजे संकटासाठी ठरलेल्या चॅनलवर, मदत मागता येते, मग डेप्थ साउंडर, म्हणजे पाण्याची खोली दाखवणारं यंत्र, कारण खाडीच्या तोंडाशी वाळू साचते अन बोट रुतली की भरतीची वाट बघत बसा. दोघंच असाल तर टिलरचा (सुकाणूच्या दांड्याचा) ऑटोपायलट, तो बोट आपोआप दिशेवर ठेवतो, चहा करायला तरी हात मोकळे राहतात. फ्रीजचं मात्र गणित बघा, १०० अँपिअर-अवरची साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्मीच वापरायची असते, म्हणजे ५०, त्यातले दिवसाला ३०-४० फ्रीजच खाणार, मग रात्री दिवे कशावर लावणार? बर्फाची पेटी न्या की. आणि आपल्या कडक भाकरीला, शेंगाचटणीला कुठं फ्रीज लागतो!